पहिला मासा मागं

कुशाबामामा गळाला लागलेला पहिला मासा कधीच ठेवत नसे. मागं न बघता तो खांद्यावरून फेकायचा. मागं काठावर घाणेरीची दाट झुडपं. मासा सुक्या मातीवर थप्प पडल्याचा आवाज आला, की मामा गळाला दुसरं गांडूळ लावायचा.

डिंभ्याच्या पाण्यातले मासे काय खातात, याचा मी अभ्यास करत होते. म्हणून रोज रात्री त्याच्याबरोबर धरणावर यायची. पहिला मासा नेहमीच वगळला, तर माझे नमुने एकांगी होणार होते.

"मामा, आजचा पहिला मला दे."

"त्यो राखणदाराचा असतोय, इंदे."

"राखणदाराला म्हणावं, उद्या ये."

"तूच सांग. शिकल्याली तू हाईस." मामा हसला, पण गळाला लागलेली पहिली मरळ त्यानं माझ्या बादलीत टाकली. मग गळ पुन्हा पाण्यात टाकून तंगुसाच्या दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला गाठ मारून बांधलं आणि घोंगडीवर आडवा झाला. इथं सगळे असंच करतात. मासा लागला की अंगठाच जागं करतो.

थोड्या वेळानं उथळ पाण्यात मोठी फडफड झाली. मामा उठून बसला. फडफड एकदम थांबली.

"सुटला वाटतं," मी म्हणाले.

"न्हाई. वढ हाय."

पाणमांजरानं पळवला असेल, असं वाटून मी बॅटरीचा झोत तंगुसावर धरला. तंगूस पाण्यात जातच नव्हता. तो दगडांवरून, आमच्या घोंगडीला वळसा घालून, मागच्या घाणेरीत शिरला होता. पाणमांजर मासा घेऊन पाण्याकडं पळतं. हे माणसांच्या पाठीमागं येऊन थांबलं होतं.

"बिबट्या?" मी पुटपुटले.

"चूप."

तंगूस ताणला गेला. हिसका नव्हता, एकसारखी, सावकाश ओढ होती. मामाचा पाय वळला, मग तो अख्खाच दगडांवरून झुडपांकडं सरकू लागला. गाठ मांसात रुतली होती. "काप! इंदे, काप!" मासे फाडायचं पातं माझ्या पेटीत होतं. ते सापडेपर्यंत अंगठा काळानिळा झाला होता. मी तंगूस कापला. सुटलेलं टोक सळसळत झुडपात गेलं.

गुरगुर नाही. पानही हललं नाही. ते गेलं नव्हतं.

मामाला धाप लागली होती. "त्याचा त्याला दे. आन् मागं बघू नगंस."

मी बादलीतून मरळ काढली. झुडपांकडं पाठ केली. खांद्यावरून फेकली.

आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो.

मासा मातीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.