पावणं कुठलं?

जुन्या डॉज मोटारीच्या बॉनेटवरची चिकटपट्टी रुचिता नखानं सोलत होती. पट्टीबरोबर रंग निघाला नव्हता, तेवढंच नशीब. कालच्या वरातवाल्यांनी झेंडूच्या माळा डकवायला सापडेल तिथं पट्ट्या मारल्या होत्या, आणि मागच्या सीटवर बुंदी सांडून तिच्यावर कुणीतरी ऐसपैस बसलं होतं. रॉकेलच्या बोळ्यानं तिनं उरलेला चिकटा पुसला. सकाळपासून एक प्रश्न तिनं दाबून धरला होता, तो शेवटी बाहेर पडलाच.

"आप्पा, कालचं भाडं?"

आप्पा, म्हणजे तिचे वडील जयपाल, शेडच्या दारात जुन्या टायरवर बसून स्पार्क प्लग साफ करत होते. त्यांनी प्लगवर फुंकर मारली, उजेडाकडं धरून बघितला, पुन्हा फुंकर मारली.

"अगं, नवरदेवाचा चुलता आपल्या कुरुंदवाडच्या आक्काच्या दिराचा साडू निघाला की."

"मग?"

"मग काय? पावण्यांकडनं पैसं घ्यायचं व्हय?"

"म्हणजे घेतलं न्हाय."

"न्हाय. पोरीच्या हातावर आहेर ठेवला वर. गाडीतनं रिकाम्या हातानं कसं उतरवायचं?"

रुचितानं बोळा बादलीत टाकला. रागवावं की हसावं, हेही आता तिला नीट ठरवता येत नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यात दोन माणसं एका गाडीत बसली की पंचगंगेचा पूल ओलांडायच्या आत त्यांचं नातं निघतं. 'पावणं कुठलं?' एवढं विचारायचा अवकाश. मग गाव निघतं, गावातली गल्ली निघते, गल्लीतली एखादी आत्या निघते, आणि ती आत्या आपल्या मावसबहिणीची नणंद नसेल तर मावसबहिणीच्या नणंदेची शेजारीण तरी असतेच. या विद्येत आप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते स्वतः जैन, त्यामुळं जैनांशी तर त्यांचं नातं निघायचंच, पण मराठ्यांशी, लिंगायतांशी, एकदा तर राजस्थानातून आलेल्या फरशीवाल्याशीही निघालं होतं. नातं निघालं की भाडं बुडालं.

त्यात सगळा दोष त्यांचा होता असंही नाही. रुचिताच्या आजोबांनी ही डॉज शिरोळला आणली तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती. गावातली कुठलीही लेक सासरी निघाली की ती डॉजमधून निघायची, मग ती कुणाचीही असो. आजोबा स्वतः सोडायला जायचे, त्यांच्यामागं आप्पा जाऊ लागले. पुढं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आलं, डॉजच्या जोडीला डुक्कर फियाट आली, अँबॅसिडर आली, पण या गाड्यांच्या संदर्भात 'भाडं' हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. तो रुचितानं आणला. लग्नाचा विषय निघाला की जॅक लावून गाडीखाली शिरणारी ही मुलगी कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून दुसऱ्यांच्या लग्नांना गाड्या भाड्यानं देत फिरायला लागली, यावर तिची आई राजमती कपाळाला हात लावून हसली होती. आता ती हसायचीही थांबली होती.

कारण पुण्याहून ऋषभनं, रुचिताच्या भावानं, सरळ सांगून टाकलं होतं. शेडच्या जागेला गिऱ्हाईक होतं. डॉजला मुंबईचा एक हौशी शेठ होता. फियाट आणि अँबॅसिडर भंगारात गेल्या तरी त्याची हरकत नव्हती. "तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम बघ. धंदा उभा राहिला तर माझा काही आग्रह नाही. नाहीतर आप्पांना तू समजवायचंस," तो म्हणाला होता. त्याचं चूक नव्हतं. चूक असतं तर भांडता तरी आलं असतं. आणि गाड्या गेल्यावर आप्पा सकाळी उठून कुठं जातील, हे ना त्याला सुचत होतं ना तिला.

आणि अशातच पुण्यातल्या लग्नसमारंभांची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. पन्हाळ्याच्या वाटेवर एका मोठ्या रिसॉर्टात लग्न होतं. हे एक नीट पार पडलं की हंगामभराची सगळी लग्नं रुचिताकडं. मुलगा-मुलगी दोन्हीकडची माणसं लांबची होती. असल्या लग्नात आप्पांना आत्या सापडणार नाही, अशी तिची आशा होती. पण आप्पांचा भरवसा काय?

"आप्पा, एक कबूल करायचं," ती त्यांच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली. "गाडीत कुणाला नाव-गाव विचारायचं न्हाय."

"आं?"

"पावणं म्हणायचं न्हाय. गप गाडी चालवायची."

"मग हाक काय मारायची?"

"हाक मारायचीच न्हाय. लागलंच तर सर म्हणायचं. मॅडम म्हणायचं."

"आणि नवरीला? लहान पोरगी असतीया ती."

"तिला बी मॅडमच."

आप्पांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. कच्चं कवठ चाखल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"तुमच्यानं व्हायचं न्हाय. ड्रायव्हर ठेवते मी."

"डॉजला ड्रायव्हर? तिचा दुसरा गिअर त्याच्या बापाला तरी घावंल का?" आप्पा उसळून म्हणाले, आणि मग लेकीच्या तोंडाकडं बघून खाली आले. "बरं. न्हाय विचारत. हंगामाचं काम हाय म्हणतीस न्हवं?"

"हंगामाचं न्हाय, आप्पा. गाड्या ऱ्हाणार का जाणार, त्याचं हाय."

लग्नाच्या दिवशी रुचिता अँबॅसिडर घेऊन आधीच रिसॉर्टवर पोहोचली होती. डॉज फाटकातून आत आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं, आणि तिच्या करड्या रंगावर ते असं काही पडलं होतं की लॉनवरची माणसं आपसूक वळून बघायला लागली. आप्पा उतरले. त्यांनी नवरदेवासाठी मागचं दार उघडलं आणि मान खाली घालून बाजूला उभे राहिले. वऱ्हाडातला एक पोक्त गृहस्थ कौतुकानं मडगार्डवर हात फिरवत त्यांच्याजवळ गेला.

"काका, काय गाडी आहे हो! कुठल्या सालची?"

रुचिता लगबगीनं तिकडं निघाली. या प्रश्नावर आप्पा अर्धा तास बोलायचे. आजोबांनी गाडी कशी आणली, नदी उतरताना ती नावेवर कशी चढवली, पुराच्या वर्षी माळावर नेऊन कशी राखली, सगळं.

"मला कल्पना न्हाय, सर," आप्पा म्हणाले. "त्या मॅडमना विचारा."

आणि त्यांनी बोट रुचिताकडं केलं.

ती त्या गृहस्थाशी बोलली, हसली, साल सांगितलं. आपण काय बोललो हे तिला नंतर आठवेना. आप्पांच्या बोलण्यात टोमणा असता तर तिनं तो झेलला असता. तसलं काही नव्हतं. ते फक्त दिलेला शब्द पाळत होते.

पाठवणीनंतर नवरा-नवरीला हॉटेलवर सोडून आप्पा शेडवर आले. कितीही दमले तरी गाडी पुसल्याशिवाय ते घरी येत नसत. त्या दिवशी किल्ली खिळ्याला अडकवून ते सरळ रिक्षानं घरी गेले. भाडं मात्र ठरल्याप्रमाणं पूर्ण जमा झालं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं शेडवर होती. रुचिता चाकं धूत होती. आप्पा टायरवर बसले होते, हातात काहीच काम नव्हतं.

"पोरगी सगळ्या वाटंनं रडत हुती," ते एकदम म्हणाले.

"कोण?"

"कालची. आवाज न करता. आरशात दिसायची. नवरा मोबाईलात डोस्कं घालून बसलेला."

"तुम्ही काय बोलला न्हाय ना?"

तोंडातून गेल्यावर तिला स्वतःची किळस आली. पण प्रश्न जाऊन बसला होता.

"न्हाय की. तू सांगितलं हुतंस." आप्पा जमिनीकडं बघत राहिले. "नुसतं 'कुठली गं बाळ तू' म्हटलं असतं तरी गप झाली असती. गाडीत बसली की पोरी रडत्यातच. मग गाव इचारायचं. गावाचं नाव सांगताना हुंदका आवरायला लागतोय. मग गल्ली इचारायची, घरात कोण कोण हाय इचारायचं. तेवढ्यात निम्मी वाट सरती. तुझ्या आजोबांनी मला तसंच शिकवलं हुतं. नातं काय, निघतंय न्हायतर न्हाय."

रुचिताच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. हा माणूस गाडी चालवताना पाल्हाळ लावतो, एवढंच ती लहानपणापासून समजत आली होती.

"कुणाची पोरगी हुती, काय की," आप्पा म्हणाले.

रुचितानं नळ बंद केला. तेवढ्यात डॉजच्या पायरीवर ठेवलेला तिचा फोन वाजला. हात ओले होते म्हणून तिनं कोपरानं बटण दाबून फोन स्पीकरवर घेतला. पुण्याच्या कंपनीतली मुलगी होती.

"मॅडम, क्लायंट जाम खूश आहेत! सीझनची सगळी लग्नं तुमची. फक्त एक रिक्वेस्ट आहे. ड्रायव्हर तेच काका पाहिजेत. मुलाकडच्यांनी खास सांगितलंय, इतका शांत माणूस मिळत नाही आजकाल, अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत म्हणे. आम्ही त्यांना युनिफॉर्म देऊ, पांढरा, सोनेरी बटणांचा. साइज सांगता का?"

रुचितानं आप्पांकडं बघितलं. ते ड्रायव्हर नाहीत, गाडीचे मालक आहेत, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते माझे वडील आहेत, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग डॉजकडं, मग तिच्यापलीकडं उभ्या असलेल्या फियाटकडं आणि अँबॅसिडरकडं.

"मॅडम? हॅलो?"

"बेचाळीस सांग," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "जरा सैल असू दे म्हणावं. स्टिअरिंग वळवताना काखंत वढतंय."

"बेचाळीस," रुचिता म्हणाली.