ईश्वरदासची साक्ष

अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात ईश्वरदासला विचारल्याशिवाय तलावात म्हैससुद्धा उतरत नाही, असं लोक थट्टेने म्हणत. थट्टा असली तरी ती अगदीच खोटी नव्हती. घराणं कोहळ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. तलाव त्याच्या बापजाद्यांनी बांधलेला, आणि पाळीचं, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाचं, दुखणं-खुपणं त्याच घरातल्या माणसाला कळायचं. भादव्यात तलाव भरला की सरपंच स्वतः मोटारसायकल घेऊन दारात यायचा. ईश्वरदास पाळीच्या मागच्या अंगाने अनवाणी चालायचा, टाचेने माती दाबायचा, पाझर दिसला की ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरायचा. पाणी निर्मळ असेल तर भ्यायचं कारण नाही. गढूळ असेल तर पाळ आतून खाल्ली जाते आहे. आणि निर्मळ पाझर कधी बुजवायचा नाही. आधी रेती, मग बारीक गिट्टी, मग मोठे दगड, मधून एक नळी, असं करून पाण्याला वाट द्यायची. पन्नास वर्षांत या कामात तो एकदाही चुकला नव्हता, आणि कधीच न चुकलेल्या माणसाला जी खोड लागते ती त्याला पुरेपूर लागली होती. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

त्याचा एकुलता एक मुलगा हिमांशु डिप्लोमा करून शहरात गेला. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांच्या फ्लॅटचे भाव आपण कशाला पाडायचे. तिथे एका जुन्या वस्तीखाली मेट्रोचं स्टेशन खणत होते, आणि हिमांशु कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता. वर चार-चार मजली सोसायट्या, भाजीच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा. खाली सत्तर फूट खोल खड्डा. गावात त्याला 'हिमांशुचं टेसन' म्हणत. ईश्वरदास मोबाइलमधले फोटो असे काही दाखवायचा, जणू खड्डा यानेच कुदळीने खणला.

एका दुपारी हिमांशुचा फोन आला.

“बाबा, खाली खड्ड्याच्या भिंतीच्या सांध्यातून पाणी येऊन राहिलं.”

“निर्मळ का गढूळ?”

“एकदम निर्मळ.”

“मंग बुजू नोको. बुजशीन त थे दुसरीकून फोडन. नळी टाक, वाट दे.”

“पण नियम हाय न बाबा. साहेबाले सांगा लागते. मंग काम थांबवून सांध्यात सिमेंट भरतेत. दोन-तीन दिवस जातेत.”

“साहेबाच्या बापानं तलाव बांधला होता का? मी सांगून राहिलो न तुले!”

हिमांशुने नळी टाकली. रेती, गिट्टी, दगड, सगळं बापाने सांगितलं तसं. साहेबाला काही सांगितलं नाही. ईश्वरदासने मात्र सगळ्या गावाला सांगितलं. टपरीवर चार दिवस चहाचे पैसे लोकांनीच दिले.

अकराव्या दिवशी सोसायटीमागची गल्ली खचली. कंपाउंडची भिंत, वॉचमनची खोली आणि खोलीत बसलेला वॉचमन दुर्गाप्रसाद, सगळं खड्ड्यात गेलं. दुर्गाप्रसाद वाचला नाही. हिमांशुला कामावरून काढलं. तो बायकोला, राखीला घेऊन गोंदियाला परतला, तिथल्या कुडवा भागात दोन खोल्या घेतल्या आणि एका टाइल्सच्या दुकानात लागला. बापाला त्याने एवढंच सांगितलं, “तिथं कामच वाईट झालं होतं, बाबा. माह्यावर ढकललं.” ईश्वरदासला ते लगेच पटलं, कारण त्याला तेच पटवून घ्यायचं होतं. मग वर्षभर तो ज्याला-त्याला सांगत फिरला, की पोऱ्याने पाण्याला वाट दिली होती, या शिकलेल्या गाढवांनीच ती बुजवली असणार. पोराची नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त आपलं ग्यान वाया गेल्याचं होतं.

दिवाळीनंतर गावच्या पत्त्यावर एक रजिस्टर पाकीट आलं. हिमांशुने चौकशी समितीपुढे पुन्हा जबाब द्यावा, अशी नोटीस होती. ईश्वरदासने पाकीट पोस्टमनसमोरच फोडलं, दोनदा वाचलं, स्वच्छ धोतर नेसला आणि गोंदियाची गाडी पकडायला निघाला. गाडीला उशीर होता. नोटिशीच्या खाली फोन नंबर होता. रिकामा बसून काय करणार, म्हणून त्याने तो लावला.

कुडव्यात पोचला तेव्हा हिमांशु जेवायला घरी आला होता. राखीने पाण्याचा गडवा पुढे केला. ईश्वरदासने पाणी घेण्याआधी नोटीस काढून ताटाशेजारी ठेवली.

“भिऊ नोको. मी फोन केला त्याईले.”

हिमांशुचा घास हातातच राहिला. “कोनाले?”

“चौकशीवाल्या साहेबाले. चांगला मानूस हाय. अर्धा घंटा ऐकून घेतलं, लिहूनबी घेतलं. मी सांगलं का नळी माह्याच सांगन्यावरून टाकली. पोऱ्या साहेबाचं नाई, बापाचं ऐकते म्हनलं. आता त्याईले समजन पानी काय असते थे.”

राखी भाकरी टाकायची थांबली. तवा तापून धूर यायला लागला, तरी तिने तो उतरवला नाही.

“काऊन सांगलं, बाबा?” हिमांशुचा आवाज अगदी लहान झाला होता. “मी जबाबात लिहून देलं होतं का नळी माह्या ड्युटीच्या आधीपासून होती. कोनं टाकली मले मालूम नाई. वर्षभर थेच एक लावून धरलं होतं मी.”

“खोटं कायले बोल्ला? नळी बरोबर होती!”

“बरोबर नव्हती!” हिमांशु ओरडला. ताट सरकलं, वरण चटईवर सांडलं. “तलावाच्या पाळीमागं तलाव असते, बाबा. त्या भिंतीमागं वस्ती होती! सारी रेताड जमीन, त्या पान्याच्याच भरवशावर उभी. नळीतून निर्मळ पानी गेलं दहा दिवस, अन् जमीन खाली बसत गेली. अकराव्या दिवशी गढूळ आलं. मी धावत वर गेलो, थोवर त गल्ली गेली होती. तुमची नळी नसती त थो वॉचमन आज बिडी पेऊन राहिला असता.”

ईश्वरदास भिंतीला टेकून बसला. त्याला वादात हरायची सवय नव्हती, म्हणून आधी त्याने तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की पोराने सांगितलेल्यात कुठेच खोट नाही. रेताड जमिनीतून पाणी काढलं की ती बसते, हे तर त्यालाही ठाऊक होतं. त्याने फोनवर फक्त विचारलं नव्हतं, भिंतीपलीकडे काय आहे म्हणून.

“वर्षभर सांगलं काऊन नाई?” शेवटी त्याने विचारलं.

“काय सांगू? तुमी ऐकता कोनाचं?”

महिन्याभरात दुसरी नोटीस आली, ती ईश्वरदासच्या नावाची. वय पाहून साक्ष गोंदियातच, एका सरकारी कचेरीतून कॅमेऱ्यावर घेणार होते. गावात बातमी पसरली ती अशी, की शहरवाल्यांनी अखेर ईश्वरदासला सल्ल्यासाठी बोलावलं. सरपंचाने टपरीवर सत्काराचा नारळ दिला. ईश्वरदासने तो घेतला, काय करणार.

साक्षीच्या आदल्या दिवशी कुडव्यात राखीने त्याला जेवायला वाढलं आणि समोरच बसली. सून म्हणून ती कधी त्याच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती.

“मामाजी, याईले जेल होईन. वकील म्हनते एकच उपाय हाय. तुमी सांगा का तुमाले पान्यातलं काही समजत नाई. फोनवर उगाच फुशारकी मारली. पोरानं कधी पुसलंच नाई.”

त्या घासाला मीठ होतं की नव्हतं, हे ईश्वरदासला सांगता आलं नसतं. रात्रभर त्याला वाटत राहिलं की हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही, आणि निघालं तरी कोणी खरं मानणार नाही.

कचेरीतल्या टीव्हीवर मोठा हॉल दिसत होता. टेबलामागे तीन साहेब, मागे दोन-चार खुर्च्यांवर माणसं. मधल्या साहेबाने विचारलं, “बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, नळी तुमच्या सल्ल्याने टाकली. खरं का?”

“नाई जी. मले पान्यातलं काही समजत नाई. म्हातारा मानूस, गावात बसून गोठी हाकतो. पोऱ्यानं मले कधी काही पुसलं नाई.”

साहेब हसला. उरलेले दोघेही हसले. “मलाही तेव्हाच वाटलं होतं,” साहेब शेजारच्याला म्हणाला, “असे म्हातारे प्रत्येक गावात असतात. लिहा, सांगोवांगीच्या गप्पा.” तलाव, कोहळी, बापजादे, एकही प्रश्न त्याने विचारला नाही. साक्ष चार मिनिटांत आटोपली.

मागच्या खुर्चीवरची एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. ती दुर्गाप्रसादची बायको, हे कोणी न सांगताच ईश्वरदासला कळलं.

“साहब, इनका लड़का बोला पाइप उसने नहीं डाला,” ती म्हणाली. “ये भी बोल रहे कुछ नहीं जानते। तो फिर किसने डाला?”

ती साहेबांकडे नाही, थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. पाण्याबद्दल आजवर कोणी काही विचारलं आणि ईश्वरदासने उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. त्याने खाली टेबलाकडे पाहिलं.

“तुम्ही बसा, बाई,” साहेब म्हणाला, आणि टीव्ही काळा झाला.

बाहेर हिमांशु गाडी घेऊन उभा होता. आत काय झालं ते वकिलाने त्याला फोनवर सांगितलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

“वाचवलं तुमी मले, बाबा,” तो म्हणाला. “लई मस्त बोलले म्हने. खोटं हाय असं वाटलंच नाई कोनाले.”

“खोटं नव्हतंच थे,” ईश्वरदास म्हणाला.

हिमांशुला वाटलं बाप गंमत करतो आहे. तो हसला आणि त्याने गाडीला किक मारली.