कोबीच्या पिंपातला दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. दगडाला कसलं आलंय चरित्र, असं तुम्ही म्हणाल. पण एका शेतकरी घराचं हिवाळ्याचं जेवण तीस वर्षं मी दाबून धरलं होतं, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

माझा जन्म नदीतला. टाकीचे घाव मी सोसले नाहीत, त्यामुळे देवपण काही आलं नाही. पाण्याने मात्र घासून घासून गुळगुळीत केलं. एके दिवशी नुकतंच लग्न झालेलं जोडपं काठावर आलं. नवरा दाखवील तो दगड ती नाकारत होती. शेवटी तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, "हाच घेऊ. तळ सपाट आहे, डुगडुगणार नाही." तीच माझी मालकीण.

थंडीच्या तोंडावर मळ्यातला कोबी घरात येई आणि सगळं घर चिरायला बसे. मालकीण चिरलेल्या कोबीला मीठ चोळी, पाणी सुटलं की चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटी आणि म्हणे, "अजून एक मूठ." माप नाही, तराजू नाही, सगळा कारभार जिभेवर. मग कोबी हिवाळ्यासाठी आंबवायला लाकडी पिंपात दाबून भरायचा, वर फळी, आणि फळीवर उकळत्या पाण्याने धुतलेला मी. कोबी खाऱ्या पाण्याखाली राहिला तर टिकतो, वर आला की नासतो. माझं काम एवढंच, की जागचं हलायचं नाही. ते मला उत्तम जमे.

शेजारणी विचारीत, "तुमचा कोबी वसंतापर्यंत कुरकुरीत कसा राहतो हो?" मालकीण हसून म्हणे, "दगड चांगला आहे आमचा." माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. दगडाच्या अंगावर, बरं का!

किती सुखाचे दिवस होते ते! मग एका वर्षी मालकीण महिनाभर तापाने अंथरुणावर होती. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. त्या वर्षीही तिने कोबी चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं. बेताचं आहे मीठ." मी पिंपात उतरलो आणि चरकलो. पाणी अळणी होतं. पण सांगणार कसं?

तिसऱ्या आठवड्यात फेस आला, वास सुटला. मुलाने पिंप उघडून नाक दाबलं. "आई, यंदा मीठ कमी पडलं का गं?"

मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या जिभेवर सगळं घर विसंबून होतं, तिचं बिंग आता फुटणार होतं. तेवढ्यात सूनबाईने बाह्या सरसावून मला बाहेर काढलं. "मिठाचं काही नाही हो. या दगडाला चीर गेलीय. तीत घाण साचली आणि सगळं नासलं."

मित्रांनो, मला चीर नव्हती. केसाएवढीसुद्धा नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मला फाटकाशी नेऊन टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. उरलेल्या कोबीचं दुसरं पिंप घालताना सूनबाई म्हणत होती, "आई, मला शिकवा ना. तुम्ही सांगत जा, मी चाखते." माझ्या जागी नवा दगड आला होता. मी आतल्या आत धुमसत होतो.

एका दुपारी मालकीण काठी टेकत माझ्यापाशी आली. खाली बसून तिने मला उलटंसुलटं केलं, सगळीकडून बोटं फिरवली. ती चीर शोधत होती. नसलेली चीर सापडणार कुठून? तिची बोटं थांबली. आपली चव गेल्याचं सुनेने केव्हाच ओळखलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं. माझ्यावर हात ठेवून ती रडली.

"आई, काय शोधताय?" मागे सूनबाई उभी होती, जराशी घाबरलेली.

मालकिणीने डोळे पुसले. "चीर बघत होते. सापडली गं. चांगली लांब आहे."

सूनबाईने हात देऊन सासूला उठवलं आणि दोघी आत गेल्या. माझा सगळा राग त्याच दुपारी गेला.

आता ते पिंप नाही आणि त्या दोघीही नाहीत. कोबी दुकानातून बाटलीत येतो. मला त्या घराची फार आठवण येते. जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण मित्रांनो, घरातल्या कुणाची जीभ, नजर, कान थकले, तर चारचौघांत त्यांना उघडं पाडू नका. खुशाल एखाद्या दगडावर ढकला. आम्हाला बोल लागत नाहीत.