फोटोतला नंबर

धर्मपाल मेश्राम तरुणपणी वायुसेनेत फिटर होते. पंधरा वर्षं लढाऊ विमानं सांभाळली, मग रायपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात लागले आणि निवृत्त होऊन भनपुरीच्या घरी मुलगा-सुनेसोबत राहू लागले. शहराबाहेरच्या एका नव्या बागेत जुनं मिग विमान आणून बसवलं, तेव्हा रंगाचा ठेकेदार त्यांचं नाव विचारत घरी आला. विमानाचा रंग पार उडाला होता.

"अंकल, आपके जमाने का कोई फोटो होगा? वैसाच रंग मारना है."

धर्मपालांनी अल्बममधून एक फोटो काढून दिला. त्यात विमानाच्या शिडीवर फ्लाइंग ऑफिसर शेखर खानझोडे हसत उभे होते आणि खाली शिडी धरून धर्मपाल.

उद्घाटनाच्या दिवशी ते मुद्दाम गेले. रंग झकास झाला होता. पण शेपटीकडच्या बाजूला रंगाऱ्याने फोटोतला नंबरही जसाच्या तसा उतरवला होता. त्या नंबरचं विमान चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत पडलं होतं, शेखरसाहेबांना घेऊन.

सांगायला हवं होतं. ठेकेदार दोन हातांवर उभा होता. पण इतक्या वर्षांनी तो नंबर असा धडधाकट उन्हात उभा पाहिला आणि धर्मपालांच्या तोंडून शब्द निघाला नाही. घरी आले, जेवले.

तीन आठवड्यांनी फोन आला.

"मी नागपूरहून क्षमा खानझोडे बोलते. शेखर माझा मोठा भाऊ. पेपरातल्या फोटोत त्याच्या विमानाचा नंबर दिसला. बागेच्या ऑफिसातून तुमचा फोन नंबर मिळाला. ते विमान खरंच तिथं आहे का?"

धर्मपाल म्हणाले, "ताई, फोनवर नाही सांगत. तुम्ही या."

त्या शुक्रवारी ती आली. पासष्टीची, बारीक अंगाची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. स्टेशनवरून ऑटोत बसल्यावर ती आपणहून बोलू लागली. दिल्लीला पालमचं वायुसेनेचं म्युझियम तीनदा पाहिलं, बंगळूरचा एअर शो दोनदा. जिथं म्हणून जुनं विमान उभं आहे असं कळायचं, तिथं ती सुट्टी काढून जायची.

"शाळेत सगळे म्हणायचे, खानझोडे बाईंना विमानांचं भारी वेड. मले तर एकातलं दुसरं ओळखता येत नाही, भाऊ. मी फक्त नंबर वाचायची."

"काहून पण?"

"शेखरची शवपेटी खिळे मारून आली होती. उघडू नका म्हणाले. आई म्हणाली, पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. मरेपर्यंत तिनं त्याचं श्राद्ध होऊ दिलं नाही. माझी आई गेली, पण तिचं ते म्हणणं माझ्यात राहिलं."

बागेत दुपारची गर्दी नव्हती. एक जोडपं विमानापुढं सेल्फी घेत होतं. ते जाईपर्यंत क्षमा थांबली. मग कठड्याच्या आत हात घालून तिनं विमानाच्या पोटाला तळवा लावला. पत्रा तापलेला होता, तरी तिनं हात काढला नाही. नंबर तिनं एकदा नुसता वाचला, मग ओठ हलवून वाचला.

"हेच ना?"

धर्मपालांनी कठड्याला हात टेकला.

"हे इथं असं धड उभं आहे," ती हळू म्हणाली. "मग पडलं ते कोणतं? अन् त्यात होतं कोण?"

तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते धर्मपालांना पाहवेना. तिला रिकाम्या हातानं परत पाठवणं सोपं होतं: ठाऊक नाही म्हणायचं, जुनी गोष्ट आहे म्हणायचं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ताई, हे विमान दुसरंच आहे. नंबर माझ्या फोटोवरून उतरवला. चूक माझी आहे. मी पाहिलं अन् बोललो नाही."

तिचा हात पत्र्यावरच होता.

"तुम्हाला कसं माहीत? पेटी तर तुम्हीही पाहिली नसेल."

"त्या दिवशी साहेबांचे पट्टे मीच बांधले. शिडी मीच काढली. उडताच गिधाड शिरलं इंजिनात. रनवेच्या पलीकडं सरसोंचं शेत होतं, तिथं पडलं. जीपमधून जे पहिले चार जण पोचले, त्यात मी होतो. विमानाच्या तुकड्यावरचा नंबर मी वाचला. अन् साहेबांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर नाव होतं, तेही."

"पेटीत काय होतं?"

"राहू द्या ताई."

"मी एक्केचाळीस वर्षं फिरून राहिले, भाऊ. सांगा."

"वजन यावं म्हणून वाळूच्या थैल्या होत्या. बाकी..." धर्मपालांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

क्षमानं त्या ओंजळीकडं पाहिलं. मग ती खाली फरसबंदीवरच बसली, पाय दुमडून, लहान मुलीसारखी. रडली नाही. बागेचा माळी पाण्याचा पाइप ओढत आला आणि त्यांना वळसा घालून गेला. ती म्हणाली, "बरं झालं, आईला नाही समजलं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही तेव्हा नागपूरला का आले नाही?"

"तेवीस-चोवीसचा होतो. भ्यायलो. मग वर्षं निघून गेली."

संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघाली. सून अपर्णानं डबा बांधून दिला, "दीदी, रास्ते में खा लेना," म्हणाली. क्षमानं डबा घेतला, धर्मपालांकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मपालांनी बागेच्या ऑफिसात विमानाचा नंबर बदलण्याचा अर्ज दिला. टेबलामागचा बाबू म्हणाला, "अंकल, कौन पढ़ता है?" अर्ज ठेवून घेतला. पुढं काही झालं नाही.

पितृपक्षात नागपूरहून फोन आला.

"श्राद्ध केलं," क्षमा म्हणाली. "गुरुजींनी तिथी विचारली, ती सांगितली."

"बरं केलं ताई."

"बरं कशाचं? रोज सकाळी उठून बसते. दिल्लीचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. आता तिथं जाऊन काय वाचू?"

"मले माफ करा," धर्मपाल म्हणाले.

"तुम्ही खोटं बोलला असता तर मी ओळखलं असतं," ती म्हणाली. "तरी खोटंच बोलायला हवं होतं, असं वाटतं कधी कधी." आणि फोन ठेवला.

अपर्णा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, किसका फोन था?"

"साहेबांच्या घरून होता," धर्मपाल म्हणाले, आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिले.