पहिल्या नंबरचं कॉलेज

मुलीला ताप आहे असं सांगून क्षितिजाने ऑफिसातून हाफ डे घेतला होता. आणि ती तापकरी मुलगी, मनवा, लालबागच्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या पलंगावर लॅपटॉप घेऊन ठणठणीत बसली होती. अकरावीच्या फॉर्ममध्ये दहा कॉलेजं क्रमाने भरून सहाच्या आत लॉक करायची होती. चार वाजून गेले होते.

तीन ते दहा केव्हाच ठरली होती. अडलं होतं पहिल्यावर. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तिथेच जावं लागतं. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. आणि चौऱ्याऐंशी टक्क्यांना कला शाखेत जे पहिलं टाकू ते लागणार, हे दोघींना ठाऊक होतं. मनवाला गिरगावातलं हवं होतं, तिथे मानसशास्त्र होतं. क्षितिजाला परळचं. घरापासून चालत अकरा मिनिटं.

"अकरा? मोजलीस?"

"दोनदा. एकदा छत्री उघडून."

आठ दिवस ती कॉलेज सुटायच्या वेळेला एकेका फाटकासमोर, कुणाची तरी वाट बघतेय अशी उभी राहून आली होती. मुली घोळक्याने निघतात की एकट्या, बसस्टॉप रस्त्याच्या कुठल्या बाजूला, सगळं निळ्या वहीत उतरवलेलं.

"गिरगावला प्रॉब्लेम काय आहे तुला?"

"गणपती."

"काय?"

"दहा दिवस आपला रस्ता बंद. गिरगावातही तीच गर्दी. बस कुठून कुठे वळवतील, पत्ता नाही. भायखळ्यापासून त्या रेटारेटीतून चालत येणारेस का?" क्षितिजाचं माहेर अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत. लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी लालबागच्या गणपतीतली गर्दी काही तिच्या अंगवळणी पडली नव्हती.

खिडकीपाशी तिचे सासरे, जयवंत, लसूण सोलत होते. उभी हयात गिरणीत गेलेला माणूस. बोलणं अजून मालवणातलं. मान वर न करता म्हणाले, "अगो, गणपतीत कॉलेजाक सुट्टी आसता."

क्षितिजाने निळी वही उघडून चाळली. आठ दिवस फाटकं राखली, आणि हे डोक्यातच आलं नाही.

"आजोबा, सिक्सर!" मनवा खो खो हसत सुटली.

"सगळे दिवस नसते हो बाबा सुट्टी," क्षितिजा कशीबशी म्हणाली.

"उरलेले दिवस मी घेवन येतलंय तिका. गर्दीत चालूक माझ्याकडसून शिकतली."

तेवढ्यात मनवाने वही पळवली. "ऐका आजोबा. 'परळ. उजेड बरा. फुटपाथ रुंद.' 'माटुंगा. टपरीवर चार टवाळ मुलं. एक सभ्य वाटला.' आई, काय हे!"

"दे इकडे."

"थांब ना. गिरगावची तीन पानं? तीनदा गेलीस तू?" आणि ती वाचता वाचता हळू झाली. "'प्रवेशाची चौकशी करायचीय सांगून आत गेले. पहिल्या मजल्यावर लायब्ररी. मोठी खिडकी, लांब बाक. एक मुलगी पुस्तकावर डोकं टेकून झोपली होती. कुणी उठवलं नाही.'"

पुढची ओळ खोडलेली होती, पण वाचता येत होती. 'मनवा इथे रमेल.'

मनवाने वही मिटली. "मग खोडलंस कशाला?"

क्षितिजा चादरीची सुरकुती सरळ करत राहिली. "परळला असलीस तर दुपारी जेवायला घरी आली असतीस," ती म्हणाली. "मी ऑफिसात असते, ते ठीक आहे. पण तू घरी आलीस एवढं बाबांकडून कळलं असतं."

"डबा दे ना मग. जेवले की मेसेज करीन. रोज."

"दोन दिवस करशील."

"चार."

जयवंत लसणाची सालं गोळा करत पुटपुटले, "चार म्हणजे लय झाले."

क्षितिजाला हसू आवरेना. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, गिरगाव उचलून पहिल्यावर ठेवलं, परळ दुसऱ्यावर. वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं. मग मनवाचं बोट धरून तिनेच ते 'लॉक'वर टेकवलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"उठ. चप्पल घाल."

"कुठे आता?"

"गिरगावला. बस बघून ठेवू."

"तू तीनदा जाऊन आलीयेस आई!"

"तू कुठे गेलीयेस?"

मनवा उठलीच. दारात चप्पल घालताना म्हणाली, "ती खिडकी रस्त्यावरून दिसते का गं?"

"फाटकापासून दिसते," क्षितिजा म्हणाली. "चल, दाखवते."