लोकरीतल्या फोनचं तेज

समोरचा माणूस बोलत असताना फोनात तोंड खुपसून बसायचं, ही मुक्ताईच्या सुनेची, तनुजाची, जुनी खोड. पण आज आठ दिवसांनी लेकीकडून, खराडीहून, वारज्याला परतल्यावर मुक्ताईला दारातच जे दिसलं, त्यापुढे ती खोड परवडली.

हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या बाया दाटीवाटीने बसलेल्या. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या कमरेला पिवळ्या लोकरीत गुंडाळलेला फोन, आणि प्रत्येक फोनला चार्जरची शेपटी. सगळ्या फोनांतून एकच आवाज पाझरत होता, फोनवरून तेज पाठवून दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या तेजोनाथ महाराजांचा.

"ब्राइटनेस फुल्ल ठेवा, माउली! चार्जर काढू नका! तेज पाठवतोय... आलं? हात वर करा, दुप्पट येईल!"

"आलं गं बाई, आलं!" शेजारच्या कांताबाई कंबर धरून ओरडल्या. "काय ऊब आहे!"

सोफ्यावर मुक्ताईचे मालक बापूराव डोळे मिटून बसलेले. त्यांचा फोन तळपायाला बांधलेला. त्याच पायाला मधुमेहाची जखम होती आणि रोज धुऊन पट्टी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाताना मुक्ताईने ते काम तनुजावर सोपवलं होतं.

मुक्ताईने लोकर सोडली. भपकन वास आला. पट्टी नव्हतीच. पू लोकरीला चिकटून तारेसारखा ओढला गेला, शेजारी भाजल्याचा ताजा फोड. तिने नाकाला पदर लावला.

"उठा. दवाखान्यात चला."

"आरतीआधी उठलं तर कृपा तुटती," बापूराव म्हणाले. "आन् आता दुखत न्हाई गं."

"साखरेनं पाय बधिर झालाय, म्हणून दुखत न्हाई! डॉक्टरांनी टाचणी टोचून दाखवलं व्हतं, इसरलात?"

"आई, प्लीज, निगेटिव्ह बोलू नका," तनुजा कुजबुजली. "फेथ लागतो याला."

"मग ही ऊब कुठनं येती?" बापूराव जागचे हलेनात. "तेवढं सांग, मग उठतो."

"सांगते. तनुजा, माझ्या फोनवर क्रिकेटची मॅच लाव. ब्राइटनेस फुल्ल, चार्जरबी लाव." फोन तिने तसाच पिवळ्या लोकरीत करकचून गुंडाळला आणि कांताबाईंच्या हातात दिला. पलीकडे महाराज माउली-माउली करत राहिले. काही वेळाने तिने विचारलं, "कांताबाई, आलं का तेज?"

कांताबाईंनी नजर चुकवली. "आलं खरं. अगदी तसंच."

"मग हे कुणाचं म्हणायचं? विकेटकीपरचं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"व्हिडिओ चालला, चार्जिंग चाललं, की फोन तापतो. लोकर ती ऊब भायेर जाऊ देत न्हाई. झालं तुमच्या महाराजाचं तेज! कुणीबी काईबी सांगू दे, आधी ताडून बघायचं, मग हात जोडायचे."

बापूरावांनी त्या आठ दिवसांत पहिल्यांदा स्वतःचा पाय उचलून पाहिला. चेहरा उतरला. आत लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला त्यांनीच हाक मारली, "अनंता, गाडी काढ. बिगीनं."

बाया आपापली लोकर सोडू लागल्या. तनुजा रडवेली झाली. "आई, मला खरंच वाटलं हो..."

"न्हाई वाटलं," मुक्ताई सगळ्यांदेखत म्हणाली. "तुला पायाची किळस येत व्हती. पट्टी करायला नको, म्हणून तू त्यावर फोन बांधलास आन् वर देवाचं नाव लावलंस. किळस आत्ता मलाबी आली, त्यात पाप न्हाई. मला सांगितलं असतंस तर मी खराडीला गेलेच नसते. महाराज लबाड हाय, पर त्यानं हा पाय कधी बघितला न्हाई. तुझ्या डोळ्यांसमोर तो रोज व्हता."