टिटवाळ्याची खूण

रतनचा जबडा दोन बोटांत धरून मी तिच्या टाळ्याला चिकटलेला कागद ओढून काढला. तिने भोकाड पसरलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रडते आहे, म्हणजे घशात काही अडकलेलं नाही.

कागद तिकोनी, जाडसर. पाटाखाली पाहिलं, तर तसल्याच तुकड्यांचा ढीग.

“अहो, हे काय आहे?”

ओसरीवर पाळण्याच्या दांडीला पॉलिश करत बसलेल्या यांनी मान वर केली. “टिटवाळ्याची खूण.”

“म्हणजे?”

“कल्याणची कार्डं अख्खी ठेवली. टिटवाळ्याकडच्या कार्डांचा कोपरा कापला. गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं की बघताक्षणी कळणार, कुठली यादी कामाला आली ते. पुढच्या वेळी तिकडेच जास्त धाडायची.” हे भलतेच खुशीत होते. “सकाळीच पेटीत टाकून आलो.”

मी तो ओला तिकोन यांच्यासमोर धरला. हे त्याच्याकडे पाहत राहिले. मग यांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

कोपरा फाडलेलं कार्ड आपल्याकडे एकाच बातमीचं असतं, कुणीतरी गेल्याचं. ते घरात घेत नाहीत. दारातच वाचून फाडतात नि आंघोळीला जातात. आणि आमची कार्डं गेली होती ती मुद्दाम निवडून, जिथे नुकतं मूल झालंय किंवा व्हायचंय अशा घरी! गंगूबाई सुईणीने घरं सांगितली, पत्ते मी रतनला मांडीवर घेऊन लिहिले. मजकूरही माझाच. ‘आपल्या बाळाचं पहिलं पाऊल आमच्या पांगुळगाड्याबरोबर पडो. हे कार्ड आणणाऱ्यास लाकडी खुळखुळा भेट.’ टेंभी नाक्याजवळच्या छापखान्यातून कार्डं छापून आणली होती. कोपरे मात्र यांनी कापले, मी रतनचा ताप बघत आत बसले होते तेव्हा.

हे पायात वहाणा न घालताच पोस्टात धावले. थैली केव्हाच गाडीत चढली होती.

ही गोष्ट चोपन्न सालची. ठाण्याच्या गिरणीतली कारकुनी सोडून यांनी हे सुतारकाम धरलं होतं. साहेब भला माणूस. दिवाळीपर्यंत जागा राखतो म्हणाला. तोवर गिऱ्हाईक लागलं नाही, तर पुन्हा तेच टेबल. गिरणीतून परतलेले हे भिंतीकडे तोंड करून कसे निजायचे, ते मी पाहिलं होतं.

कार्डं पोचली, तशा पहिल्या आल्या गंगूबाई. उंबऱ्यातूनच सुरू झाल्या.

“अगं जये, तुझा नवरा शिकलेला ना? लोक माझ्या नावानं खडे फोडतायत! एका घरची बाळंतीण हबकून दूध पाजायची थांबली.”

“चूक झाली हो, गंगूबाई,” हे म्हणाले.

“चूक? महिपतराव, आमटीत मीठ जास्त पडलं तर ती चूक. हे म्हणजे बारशाला तिरडी घेऊन जाणं झालं!”

मग टिटवाळ्याकडचा एकजण आला. आत आला नाही. कार्डाचे तुकडे पायरीवर भिरकावले नि पाठ फिरवून गेला. यांनी ते एकेक करून वेचले.

“दिवाळीची वाट कशाला बघायची? सोमवारी साहेबांना भेटून येतो,” हे म्हणाले आणि रंधा, पटाशी, करवत गोणपाटात गुंडाळून वर सुतळी बांधली. मी समजूत घालायला हवी होती. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. त्यातल्या एखाद्या घरी बाळाला खरंच काही झालं तर? सायकलची घंटा वाजली की मी खिडकीशी. रतन निजली की तिच्या नाकाशी बोट.

रविवारी एक म्हातारी काठी टेकत आली. लाल लुगडं, घामाने चेहरा थबथबलेला.

“पांगुलगाडेवाला हितंच ऱ्हातो का?”

मी रतनला उचलून घेतलं. हे हात जोडून उभे राहिले. “आजी, तुमची माफी...”

“थांब रं, मना बोलू दे. मी टिटवाल्याची ठमाबाय. माजा राघो बोटीवर खलाशी हाय. म्हैने झाले, त्याचा कागद नाय. आन पोस्टमन आला तो फाटक्या कोपऱ्याचा कागद घेऊन! घरात वाचता कुनाला येतं? सून पोटुशी, ती तितंच बसली. मी ऊर बडवला. सगला गाव दारात. आंगोलीला पानी ठेवला. मंग मास्तर आला, त्यानं वाचला. काय, तर पांगुलगाडा!”

ती दम घ्यायला थांबली. आता शिव्याशाप येणार म्हणून मी रतनच्या डोक्यावर पदर ओढला.

म्हातारी हसायला लागली. बोळक्या तोंडाने, डोळे पुसत. “रडनारी मानसा हासाया लागली रं! माजा राघो जिता हाय. असा सुखाचा कागद मना कदी कुनी धाडला नव्हता.”

“सून? सून कशी आहे?” माझ्या तोंडून आधी तेच निघालं.

“तिला काय झालंय? परवा बालंत झाली. पोरगा हाय! आता पालना पायजे, मंग पांगुलगाडाबी. आन शेजारच्या दोघीतिघी येतील, सांगून ठेवते. तुला सगला गाव वलखतो आता.”

रतनला खाली ठेवून मी उंबऱ्यावर बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मग उठून तिला गूळपाणी दिलं. रतन रांगत गोणपाटाशी गेली नि सुतळी ओढू लागली. यांनी तिला अडवलं नाही. स्वतःच गाठ सोडली, पटाशी तेवढी वर ठेवली.

“खुळखुळा देतो, आजी. कार्ड आणलंय?”

तिने कनवटीतून कार्ड काढलं. चारी कोपरे जागच्या जागी होते.

“हे तर कल्याणचं...” म्हणता म्हणता हे थांबले. एका कोपऱ्याला वहीच्या कागदाचा तिकोन भाताने चिकटवला होता. वर कुंकवाचं बोट.

“बाल यायचं त्या घरात फाटका कागद कसा ठेवू? आन फाडून तरी कसा टाकू? त्यात माजा राघो जिता हाय.” ती जरा ओशाळली. “मना परत देशील ना?”

तिकोनाचं टोक सुटत आलं होतं. यांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि अंगठ्याने ते टोक दाबून धरून बसले. मग दोन्ही हातांनी कार्ड तिच्यापुढे केलं.